उपचार मोफत, पण मुक्कामाचं काय? किन्हवलीहून मुंबईला जाणाऱ्या रुग्णांच्या खर्चाचा हिशेब

किन्हवली (ता. शहापूर) : डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘केईएम’ किंवा ‘टाटा’ लिहिलं की घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला पैशाचा आणि दुसरा राहायचं कुठं याचा. पहिल्या प्रश्नावर हल्ली बरीच उत्तरं मिळतात. योजना आहे, कार्ड आहे, आमदारांचं पत्र आहे. दुसऱ्या प्रश्नावर मात्र कोणी काही सांगत नाही. “बघू तिकडं गेल्यावर” असं म्हणून माणसं पिशव्या भरतात, आसनगावला लोकल पकडतात आणि रात्री परळच्या फूटपाथवर चादर अंथरण्याची वेळ येते.

टाटा रुग्णालयाच्या आसपास, केईएमच्या गेटबाहेर, पुलाखाली झोपलेले रुग्ण आणि नातेवाईक हे चित्र मुंबईत नवीन नाही. त्यात फक्त परराज्यातली माणसं असतात असं समजू नका. शहापूर-मुरबाडची माणसंही त्यात असतात. गाव तसं जवळ असल्यामुळं आपल्याला वाटतं, “रोज ये-जा करू.” दोन दिवस जमतं. तिसऱ्या दिवशी रुग्णाचा जीव मेटाकुटीला येतो.

म्हणून आज हा हिशेब मांडतोय. मुंबईत मुक्काम करायचा तर जागा कशी निवडायची, तिथून दवाखान्यात कसं पोचायचं आणि या सगळ्यात सरकारनं काय करायला हवं.

योजनेत काय येतं, काय येत नाही

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचं संरक्षण आहे. रुग्ण दाखल असेपर्यंत त्याचं जेवण आणि सुटी झाल्यावर घरी जाण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं पॅकेजमध्ये धरलेलं असतं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला जरूर विचारा.

पण योजना सुरू होते रुग्ण दाखल झाल्यावर. त्याआधीच्या फेऱ्यांचं काय? केसपेपर काढायला एक फेरी, तपासण्यांना दुसरी, रिपोर्ट दाखवायला तिसरी, ऑपरेशनची तारीख घ्यायला चौथी. कॅन्सरच्या रुग्णाला रेडिएशन लागलं तर काही आठवडे जवळजवळ रोज जावं लागतं आणि त्यासाठी दाखल करून घेतीलच असं नाही. या काळातलं लॉजचं भाडं, सोबतच्या माणसाचं खाणं आणि बुडालेली मजुरी कुठल्याच कार्डात बसत नाही.

आता आकडे बघा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. मुंबईत समजा १,५०० रुपयांची खोली घेतली, तर एका रात्रीला जवळजवळ पाच दिवसांची मजुरी गेली. दुसऱ्या मापानं सांगायचं तर लाडक्या बहिणीचा महिन्याचा पूर्ण हप्ता एका रात्रीत संपला. दहा रात्री राहायचं म्हटलं की बकरी विकायची, नाहीतर दागिना गहाण. ‘मोफत उपचार’ घेऊनही माणूस कर्जात जातो, तो अशा खर्चामुळं.

पूर्वी एवढी अडचण का नव्हती?

जुन्या लोकांना विचारा. ते सांगतील, तेव्हा परळ-लालबागला कोणाची ना कोणाची खोली असायची. गिरणीत काम करणारा मामा, चुलता, नाहीतर गावचाच कोणीतरी. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसं, पण दवाखान्याला आलेल्या माणसाला नाही म्हणायची पद्धत नव्हती. केईएम, टाटा, वाडिया ही तिन्ही रुग्णालयं त्याच गिरणगावात. त्यामुळं डबा घरून यायचा आणि रात्री माणसं आलटूनपालटून रुग्णाजवळ बसायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळी पडल्या, टॉवर उभे राहिले. खोल्या विकून माणसं कल्याण, डोंबिवली, बदलापूर, आसनगावपर्यंत मागं सरकली. दवाखाने तिथंच राहिले आणि आपली माणसं तिथून उठली. आज नातेवाईक असले तरी ते दिवा-डोंबिवलीला, वन-रूम-किचनमध्ये. त्यांच्याकडं पंधरा दिवस रुग्ण घेऊन राहणं दोघांनाही अवघड जातं. म्हणजे लॉज शोधायची पाळी आपल्यावर आली, ती हा आधार गेल्यामुळं.

आधी ठरवा, मुक्काम लागणार आहे का?

प्रत्येक फेरीला खोली घ्यायची गरज नसते. किन्हवलीहून शहापूर, तिथून आसनगाव स्टेशन आणि पुढं लोकल असा आपला नेहमीचा रस्ता. आसनगाव ते सीएसएमटी अंतर सुमारे ८६ किलोमीटर. दादर गाठायला लोकलमध्येच पावणेदोन-दोन तास जातात. त्यात गावातून स्टेशनपर्यंतची एसटी, इको किंवा रिक्षा आणि तिकडं स्टेशनपासून दवाखान्यापर्यंतचा वेळ मिळवा. एका बाजूचे साडेतीन तास धरूनच चला.

नुसता रिपोर्ट दाखवायचा असेल, रुग्ण चालताफिरता असेल, तर एका दिवसात जाऊन येणं जमतं. रिपोर्ट दाखवायला रुग्ण लागणारच आहे का, हेही आधी विचारून घ्या. काही वेळा नातेवाईकानं फाईल घेऊन गेलं तरी भागतं.

मुक्काम लागतो तो तीन वेळा. सकाळी उपाशीपोटी तपासणी असेल तेव्हा. लागोपाठ दोन-तीन दिवस बोलावलं असेल तेव्हा. आणि केमो, रेडिएशन किंवा ऑपरेशननंतर रुग्णाला प्रवास झेपणार नसेल तेव्हा. या तीन वेळी पैसे वाचवायला म्हणून रोज ये-जा करू नका.

परतीचाही विचार करा. रात्री उशिरापर्यंत आसनगाव-कसाऱ्याकडं लोकल असते, पण स्टेशनबाहेर किन्हवलीकडं येणारं वाहन असेलच असं नाही. शहापूरहून शेवटची एसटी किती वाजता, हे निघण्याआधी डेपोत विचारून घ्या. ती चुकली तर स्पेशल रिक्षा किंवा इको करावी लागते आणि त्यात लॉजचे निम्मे पैसे जातात.

फास्ट की स्लो? रुग्णासाठी उत्तर वेगळं

आपल्याकडं ‘फास्ट मिळाली’ म्हणजे नशीब उघडलं असं समजतात. रुग्णासोबत असताना हा हिशेब बदलतो. आसनगाव-कसारा बाजूच्या बहुतेक गाड्या कल्याणनंतर फास्ट होतात. फास्ट गाडी परळला थांबत नाही. म्हणजे दादरला उतरायचं, जिना चढायचा, दुसरा प्लॅटफॉर्म गाठायचा आणि स्लो गाडीनं एक स्टेशन पुढं परळ. सकाळी दादरच्या गर्दीत ऑपरेशन झालेल्या माणसाला हे जमत नाही.

त्यापेक्षा कल्याणला उतरा आणि कल्याणहूनच सुटणारी स्लो लोकल पकडा. गाडी रिकामी लागते, बसायला जागा मिळते आणि थेट परळला उतरता येतं. वेळ थोडा जास्त जातो, पण माणूस बसून जातो. काही लोकल परळलाच संपतात, तीही सोयीची. तिकीट काढताना आसनगाव ते परळ असंच काढा, मधे गाडी बदलली तरी तेच चालतं. मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा. आत गेल्यावर ॲप पेपरलेस तिकीट देत नाही.

मुरबाड बाजूच्या लोकांना रेल्वे नाहीच. कल्याण-मुरबाड रेल्वेची चर्चा ऐकत एक पिढी म्हातारी झाली. त्यांना एसटीनं कल्याण गाठावं लागतं. किन्हवलीतूनही सरळगावमार्गे मुरबाड-कल्याण असा रस्ता आहे. यात एक फायदा आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण मोफत. घरातली आजी रुग्ण असेल आणि सोबत सून असेल, तर कल्याणपर्यंतचा प्रवास फारच स्वस्तात होतो. पण ही सवलत एसटीपुरतीच आहे. लोकलला आणि मुंबईतल्या बेस्टच्या बसला ती लागू नाही, हे लक्षात ठेवा. कंडक्टरशी वाद घालून उपयोग होत नाही.

कॅन्सरच्या रुग्णांसाठी आणि गरोदर महिलांसाठी आणखी एक गोष्ट. लोकलमध्ये दिव्यांगांचा जो राखीव डबा असतो, त्यात कॅन्सरग्रस्त रुग्ण आणि गरोदर बायकांनाही बसता येतं. दवाखान्याचं कार्ड किंवा फाईल जवळ ठेवा. डबा प्लॅटफॉर्मवर कुठं येतो, हे स्टेशनवर आधी विचारून तिथंच उभं राहा. गाडी आल्यावर धावाधाव नको.

सकाळी सात ते साडेदहा मुंबईकडं जाताना आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ परत येताना रुग्णाला घेऊन लोकलमध्ये चढू नका. ९ जून २०२५ ला मुंब्रा आणि दिवा स्टेशनांच्या दरम्यान धावत्या लोकलमधून दरवाजात लटकलेले प्रवासी पडले आणि त्यात जीव गेले. धडधाकट माणसांची ही गत होते. तपासणी सकाळी नऊची असेल, तर गर्दीच्या वेळी निघण्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं जाऊन मुक्काम करणं शहाणपणाचं.

लॉज कुठं घ्यायचा?

आपल्याकडचे बहुतेक लोक दोन ठिकाणी बघतात. एक कल्याण-ठाणे, दुसरं दादर-परळ.

कल्याणला खोली स्वस्त मिळते, जेवण स्वस्त मिळतं आणि ओळखीचं कोणी ना कोणी भेटतं. पण कल्याण ते दादर हे अंतर पुन्हा ४५ किलोमीटर आहे. सकाळच्या गर्दीतच ते कापायचं आहे. मग मुक्काम करून साधलं काय? ज्या गर्दीपासून रुग्णाला वाचवायला खोली घेतली, त्याच गर्दीत त्याला पुन्हा ढकलायचं. कल्याणचा मुक्काम उपयोगी पडतो तो कळवा, ठाणे किंवा उल्हासनगरच्या दवाखान्यासाठी, नाहीतर सुटी झाल्यावर एकदम गावापर्यंतचा प्रवास झेपत नसेल तर वाटेत थांबायला.

दादर-परळला खोली महाग. लहान असते, खिडकी असेलच असं नाही. पण दवाखाना पाच-दहा मिनिटांवर. तपासणीच्या मधल्या वेळात रुग्ण येऊन झोपू शकतो. उलटी झाली, ताप आला तर रात्री दवाखाना जवळ असतो. दोनच रात्री राहायचं असेल तर दवाखान्याजवळ जास्त पैसे देऊन राहणं परवडतं. पंधरा दिवस राहायचं असेल तर लॉज सोडा, धर्मशाळेचा मार्ग धरा. त्याबद्दल पुढं सांगतोच.

जागा बघताना ‘स्टेशनजवळ’ या शब्दाला भुलू नका. दादर स्टेशनला पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू आहेत आणि मधे पूल ओलांडावा लागतो. केईएम, टाटा, वाडिया परळच्या पूर्व बाजूला आहेत. खोली पश्चिमेला घेतली तर रोज रुळांच्या पलीकडं जायचं. त्यात १२ सप्टेंबर २०२५ पासून परळ-प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टनचा जुना पूल नव्या बांधकामासाठी बंद झाला, त्यामुळं गाड्यांना दुसऱ्या पुलांवरून वळसा पडायला लागला. म्हणून खोली पूर्वेलाच बघा.

रिक्षाचा विषयही आपल्या लोकांना माहीत नसतो. मुंबईत रिक्षा फक्त उपनगरात, वांद्रे आणि सायनच्या अलीकडं. दादर-परळला रिक्षा नाही. तिथं काळी-पिवळी टॅक्सी. १ फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचं कमीत कमी भाडं पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे. दादर स्टेशन ते केईएम मीटरप्रमाणं पन्नास-साठच्या आसपास होतं. कोणी दोनशे सांगत असेल तर “मीटर टाका” म्हणा, नाही म्हटलं तर पुढची टॅक्सी बघा.

बस सगळ्यात स्वस्त. ९ मे २०२५ पासून बेस्टचं कमीत कमी तिकीट साध्या बसला ५ वरून १० रुपये आणि एसी बसला ६ वरून १२ रुपये झालं. पाच किलोमीटरपर्यंत तेवढंच. बस कुठं आहे हे ‘चलो’ ॲपवर दिसतं. परळ स्टेशनला उतरलात तर धडधाकट माणसाला केईएमपर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे.

खोली घेण्याआधी विचारायचे प्रश्न

भाडं किती, एवढंच विचारून आपण आत शिरतो. खरे पैसे जातात ते इतर गोष्टींत. हे प्रश्न फोनवरच विचारा.

पहिला : चेक-आउट २४ तासांचं आहे की दुपारी १२ चं? समजा तुम्ही रात्री दहाला पोचलात आणि लॉजचा नियम दुपारी १२ चा आहे. मग चौदा तासांतच एक दिवस संपला. दवाखान्यातून चार वाजता परत आलात की दुसऱ्या दिवसाचं भाडं सुरू. २४ तासांचं चेक-आउट असेल तर त्याच पैशात रात्री दहापर्यंत राहता येतं. शंभर रुपये जास्त पडले तरी २४ तासवाला लॉज घ्या.

दुसरा : लिफ्ट आहे का, खोली कितव्या मजल्यावर? दादरच्या जुन्या इमारतींत जिने उंच असतात.

तिसरा : संडास-बाथरूम खोलीतच आहे का आणि कमोड आहे का? ऑपरेशन झालेल्या माणसाला खाली बसता येत नाही. केमो चाललेल्या रुग्णाला सगळ्यांचा मिळून वापरायचा संडास नको, संसर्गाची भीती असते.

चौथा : किती माणसं राहू शकतात आणि जादा गादीचे किती? दोघांची खोली घेऊन चौघं शिरलो की काउंटरवर वाद होतो.

पाचवा : भाड्यात टॅक्स धरलाय का? २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. म्हणजे १,५०० च्या खोलीवर ७५ रुपये. कोणी अजूनही १२ टक्क्यांनी १८० लावत असेल तर छापील बिल मागा आणि त्यावर जीएसटी नंबर आहे का बघा. नंबर नसेल तर त्याला टॅक्स घ्यायचा अधिकारच नाही.

सहावा : डिपॉझिट किती आणि ते परत कधी? पावती घ्या.

ओळखपत्र सगळ्यांचं लागतं, रुग्णाचंही. मूळ आधार कार्ड काउंटरवर ठेवून जाऊ नका. आधारच्या वेबसाइटवरून ‘मास्क्ड आधार’ काढता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. त्याची झेरॉक्स द्या.

आमच्या घरातलाच अनुभव सांगतो. मोबाइलवर फोटो बघून खोली घेतली. फोटोत पांढरी चादर, मोठी खिडकी. प्रत्यक्षात खिडकी दुसऱ्या इमारतीच्या भिंतीला चिकटलेली आणि खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. म्हातारीला खुर्चीवर बसवून दोघांनी वर नेलं. पैसे आधीच भरले होते, परत मिळाले नाहीत. तेव्हापासून नियम एकच. आधी एका माणसानं जाऊन खोली डोळ्यांनी बघायची, मग रुग्णाला न्यायचं. तोपर्यंत रुग्ण दवाखान्याच्या बाकावर बसलेला बरा.

मोबाइलवर बुकिंग करताना

आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, त्यामुळं फसवणूकही फोनवरच होते. इंटरनेटवर लॉजचं नाव शोधलं की जो नंबर वर दिसतो, तो लॉजचाच असेल असं नाही. फसवणारे स्वतःचे नंबर टाकून ठेवतात. “रूम फुल होतेय, लगेच निम्मे पैसे पाठवा” असं कोणी घाई करत असेल तर थांबा. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, मिळवायला लागत नाही. “रिफंडसाठी पिन टाका” म्हणणारा चोर असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

शक्यतो ‘लॉजवर पोचल्यावर पैसे’ हा पर्याय घ्या. एक-दोन रात्रींचंच बुकिंग करा. दवाखान्यातली तारीख पुढं-मागं होते आणि आठ दिवसांचे भरलेले पैसे अडकतात.

धर्मशाळा : चिठ्ठी लागते, ती मागा

जास्त दिवस राहायचं असेल तर लॉज परवडत नाही. दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरचे रुग्ण आणि नातेवाईक अगदी कमी पैशात राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. टाटा रुग्णालयाचं स्वतःचं डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मृती निवास वांद्र्याला आहे. कॅन्सर झालेल्या लहान मुलांसाठी सेंट ज्यूड संस्था आई-वडिलांसह मोफत राहण्याची सोय करते.

पण थेट जाऊन दार वाजवलं आणि जागा मिळाली, असं होत नाही. दवाखान्याची फाईल आणि बहुतेक ठिकाणी समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते. टाटा, केईएम या मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो. केसपेपर काढल्यावर पहिल्याच दिवशी तिथं जा आणि राहायची सोय नाही हे स्पष्ट सांगा. आपली माणसं डॉक्टरांना दुखणं सांगतात, पण राहायची अडचण सांगायला लाजतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याच कामासाठी तो माणूस तिथं बसलेला असतो.

रुग्ण खूप आणि खाटा थोड्या, त्यामुळं नंबर लागायला वेळ जातो. पहिल्या दोन-तीन रात्री लॉजवर आणि त्याच वेळी धर्मशाळेत नाव नोंदवलेलं, अशी तयारी ठेवा.

मंत्रालयाच्या कामाला मुक्काम नको

मदतनिधीच्या अर्जासाठी बरेच जण मंत्रालयाची फेरी मारतात. आता मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा कक्ष जिल्हाधिकारी कार्यालयातही सुरू झालाय. आधी ठाण्यात विचारा, मुंबईची फेरी वाचेल. जावंच लागलं तर सामान्य माणसाला प्रवेश दुपारनंतर मिळतो, म्हणून आदल्या रात्री जाऊन राहायचं कारण नाही. सकाळची गर्दी ओसरल्यावर निघा. सीएसएमटीला उतरून भुयारी मेट्रोनं विधान भवन स्टेशन गाठता येतं. ही मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत सुरू आहे आणि तिचं भाडं १० रुपयांपासून आहे. तिकीट खिडकीवर काढा, भुयारात मोबाइलला रेंज मिळेलच याची खात्री नाही.

हे सगळं आपणच का करायचं?

वरची माहिती उपयोगाची आहे, पण ती सगळी माणसानं स्वतः निभावून नेण्याची आहे. मूळ दुखणं वेगळं आहे.

पहिलं, रुग्णाला परळपर्यंत जावंच का लागतं? शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, किन्हवलीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पण तज्ज्ञ नाही, मशीन नाही, असं सांगून रुग्ण पुढं पाठवला जातो. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाच्या जागी मोठं रुग्णालय बांधायला घेतलं आणि भार कळव्यावर गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्णांचे मृत्यू झाले, तेव्हा राज्यभर गाजावाजा झाला. ठाण्याचं नवं रुग्णालय पूर्ण ताकदीनं चाललं आणि शहापूर-मुरबाडला तज्ज्ञ कायम बसले, तर आपल्या निम्म्या लोकांना मुंबईचा लॉज शोधावा लागणार नाही.

दुसरं, रेल्वे. कल्याण-आसनगाव चौथ्या मार्गाला २०१९ मध्ये एमयूटीपी ३-ए मध्ये मंजुरी मिळाली. अंतर ३२ किलोमीटर. मार्ग वाढल्याशिवाय गाड्या वाढणार नाहीत आणि गाड्या वाढल्याशिवाय रुग्णाला बसायला जागा मिळणार नाही. समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातून गेला, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पाही खुला झाला. गाडीवाला माणूस सुसाट गेला. एसटी आणि लोकलवाल्याच्या प्रवासातला किती वेळ वाचला?

तिसरं, निवास. मे २०२१ मध्ये म्हाडानं परळ-लालबाग भागातल्या १०० खोल्या टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी द्यायचं ठरवलं, किल्ल्याही दिल्या. तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली आणि जूनमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्णयाला स्थगिती दिली. मग बॉम्बे डाईंगच्या जागेतल्या खोल्यांचा पर्याय पुढं आला. रहिवाशांची बाजू काहीही असो, यातून एक दिसलं. सरकारनं मनावर घेतलं तर दवाखान्याजवळ शंभर खोल्या शोधता येतात. आणि रुग्णांच्या बाजूनं बोलणारं कोणी नसेल तर त्या हातातून जातातही.

आपल्या बाजूनं कोण बोलणार? भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईच्या नळाला येणारं पाणी मोठ्या प्रमाणात इथून जातं आणि धरणाच्या आसपासच्या पाड्यांना मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट बघावी लागते. केईएम हे मुंबई महापालिकेचं रुग्णालय. ज्या तालुक्याचं पाणी ती महापालिका घेते, त्या तालुक्याच्या रुग्णासोबतच्या माणसाला परळला रात्रीपुरतं छप्पर द्या, ही मागणी काही अवाजवी नाही. ग्रामसभेत तसा ठराव घेता येतो. ठाणे जिल्हा परिषदेला, आमदार-खासदारांना आणि महापालिकेला तो पाठवता येतो. एका गावाचा ठराव फाईलमध्ये पडून राहील. पन्नास ग्रामपंचायतींचे ठराव एकाच महिन्यात गेले, तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागेल.

तोपर्यंत गावपातळीवर एक काम लगेच होऊ शकतं. ज्यांनी घरातला रुग्ण मुंबईला नेला आहे अशी माणसं प्रत्येक गावात आहेत. कोणता लॉज बरा, कुठं जेवण स्वस्त, समाजसेवा विभाग कुठल्या मजल्यावर, हे त्यांना पाठ असतं. त्यांचे नंबर आशाताईंकडं किंवा ग्रामपंचायतीत त्यांना विचारून लिहून ठेवा. पूर्वी चाळीतल्या मामाची खोली होती. ती आता नाही, पण मामाकडं असायची ती माहिती गावात अजून आहे.

आणि उद्या कोणाच्या घरी अशी चिठ्ठी आली, तर “बघू तिकडं गेल्यावर” म्हणू नका. निघायच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी कागदावर लिहा : गाडी कुठली, खोली कुठं, परतीची एसटी किती वाजता. माहिती उपयोगी वाटली तर ज्यांच्या घरात रुग्ण आहे, त्यांच्यापर्यंत जरूर पोचवा.